गृहशिक्षण : कायद्यातील स्थान, परीक्षांच्या वाटा आणि घरातील रोजची जबाबदारी

मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवण्यास स्पष्ट परवानगी देणारा कोणताही कायदा भारतात नाही. तसे केल्याबद्दल पालकांना दंड किंवा शिक्षा करण्याची तरतूदही शिक्षण हक्क कायद्यात नाही. गृहशिक्षण, अर्थात होमस्कूलिंग, प्रथमच निवडू पाहणाऱ्या कुटुंबांच्या बहुतेक अडचणी या संदिग्धतेतून निर्माण होतात. पुणे, मुंबई, बंगळुरू, दिल्ली यांसारख्या शहरांत असा मार्ग स्वीकारणाऱ्या पालकांचे गट गेल्या काही वर्षांत तयार झाले आहेत. 'स्वशिक्षण' ही गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांची संघटनाही त्यांतूनच उभी राहिली. तरीही मुलाचे नाव शाळेच्या पटावरून काढण्याचा निर्णय प्रत्येक घराला स्वतःच्या हिमतीवर घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयाचे खरे परिणाम पाच-सात वर्षांनी, दहावीच्या उंबरठ्यावर दिसू लागतात.

कायदा काय म्हणतो

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने मुलांना शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. या हक्काची अंमलबजावणी करणारा 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० नुसार पाल्याला नजीकच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य न पाळल्यास काय, याविषयी कायदा मौन बाळगतो. कायद्याच्या नावातील 'सक्ती' हा शब्द पालकांपेक्षा शासनाला उद्देशून आहे. प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणपूर्ती यांची हमी देण्याचे बंधन कायद्याने सरकारवर टाकले आहे.

२०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोरील एका प्रकरणात तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली होती. ती भूमिका पुढे कायद्याच्या मजकुरात उतरली नाही. त्यामुळे तिचा आधार घेता येतो, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

कायद्यात गृहाधारित शिक्षणाचा उल्लेख एकाच ठिकाणी आढळतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग किंवा तीव्र स्वरूपाचे अपंगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हा पर्याय कायम ठेवला आहे. अशा बालकांच्या पालकांनी समग्र शिक्षा योजनेखालील विशेष शिक्षकाच्या गृहभेटींची मागणी तालुका किंवा शहर पातळीवरील शिक्षण कार्यालयाकडे लेखी करावी. इतर पालकांच्या गृहशिक्षणाशी या तरतुदीची गल्लत होऊ नये.

येथे एक मुद्दा गृहशिक्षणाच्या समर्थकांनाही टाळता येणार नाही. घरी शिकवण्याच्या मुभेला कायद्याने उघड मान्यता दिली, तर मुलीला घरकामासाठी घरी ठेवणारे आणि मुलाला दुकानात बसवणारे पालकही तीच सबब पुढे करतील, ही भीती निराधार नाही. घरी शिकणारे मूल आणि शिक्षणच थांबलेले मूल यांतील फरक कागदावर दिसत नाही. शासनाच्या लेखी दोघेही शाळाबाह्यच. आपले मूल पहिल्या प्रकारातील आहे, हे दाखवून देण्याची जबाबदारी म्हणूनच प्रत्यक्षात पालकांवर येते.

काही कुटुंबे एकत्र येऊन शिक्षक नेमतात, जागा भाड्याने घेतात आणि मुलांना तेथे रोज पाठवू लागतात. असे केंद्र मान्यतेविना चालवलेली शाळा ठरू शकते. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत, आणि उल्लंघन सुरू राहिल्यास दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पालकांना दंड नाही, पण संचालकांना आहे, हा फरक अनेक उत्साही गटांच्या उशिरा लक्षात येतो.

कागदपत्रांची फाईल

मूल आधीपासून शाळेत जात असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला रीतसर अर्ज करून हाती घ्यावा. मूल नुसते पाठवणे बंद केले, तर काही महिन्यांनी शाळा त्याची गैरहजर म्हणून नोंद करते आणि पुढे दाखला मिळवताना खेपा घालाव्या लागतात. दाखल्यासोबत प्रगतिपुस्तके आणि शाळेने दिलेले विद्यार्थी ओळख क्रमांकही जपून ठेवावेत. पुन्हा प्रवेश घेताना त्यांचा उपयोग होतो.

ज्या मुलाने शाळेची पायरीच चढलेली नाही, त्याच्याकडे हा दाखला असणार नाही. जन्मतारखेपुरता हा प्रश्न जन्म प्रमाणपत्राने सुटतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी तर जन्म प्रमाणपत्र हाच जन्माचा निर्णायक पुरावा आहे. त्यावरील नावाचे शुद्धलेखन आणि आधार कार्डावरील नाव तंतोतंत जुळते का, हे पहिल्याच वर्षी तपासलेले बरे.

जातीच्या दाखल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्यानंतरची जात पडताळणी यांसाठी अर्जदाराचा शाळेचा दाखला किंवा प्रवेश नोंदवहीतील उतारा हा सर्वांत सवयीचा पुरावा मानला जातो. तो नसल्यास वडील, आजोबा, चुलते, आत्या अशा पित्याकडील नातेवाइकांच्या जुन्या नोंदींवर सारी भिस्त राहते. आरक्षणाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी ही कागदपत्रे मूल लहान असतानाच जमवावीत. बारावीनंतरच्या प्रवेशफेरीच्या धावपळीत पणजोबांच्या गावच्या शाळेतील उतारा शोधणे किती कठीण असते, हे जात पडताळणी समितीच्या कार्यालयात एक दिवस घालवलेल्या कोणालाही ठाऊक असते. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत प्रवेश मिळालेल्या मुलाने शाळा सोडल्यास ती सवलत पुन्हा मिळेल असे गृहीत धरू नये, कारण ते प्रवेश शाळेच्या प्रारंभीच्या वर्गातच दिले जातात.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात आले, तर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ते त्यांचे काम करत असतात. मूल काय शिकते आहे हे दाखवणारी फाईल समोर ठेवावी. तारीखवार वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी, केलेल्या प्रयोगांची छायाचित्रे, दिलेल्या परीक्षांची प्रमाणपत्रे आणि सहामाही आढावा एवढे त्यात असले तरी पुरते. हीच फाईल पुढे शाळेत परतताना किंवा परदेशी विद्यापीठात अर्ज करताना कामी येते.

दहावी-बारावी कोठून द्यायची

नव्या पालकांनी सर्वाधिक वेळ या प्रश्नाला द्यावा, आणि तोही मूल दहा-अकरा वर्षांचे असतानाच.

सर्वांत रुळलेली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे 'एनआयओएस'ची आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. माध्यमिक, म्हणजे दहावीच्या नोंदणीसाठी वयाची किमान १४ वर्षे, तर उच्च माध्यमिकसाठी १५ वर्षे पूर्ण असावी लागतात. माध्यमिक प्रवेशासाठी आठवीचा दाखला नसल्यास, हा अभ्यासक्रम झेपण्याइतपत शिक्षण झाले आहे, असे स्वयंघोषणापत्र देता येते. शाळेत कधीच न गेलेल्या मुलांसाठी ही सवलत मोलाची आहे. प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते, उत्तीर्णतेची मर्यादा ३३ टक्के आहे आणि नोंदणी पाच वर्षे वैध राहते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. मागणीनुसार परीक्षेचीही सोय असल्याने एकेक विषय सुटा देता येतो. लेखी परीक्षेखेरीज शिक्षक-मूल्यांकित स्वाध्यायांना २० टक्के भार असतो. हे स्वाध्याय वेळेत न भरल्यामुळे गुण गमावल्याच्या तक्रारी दर वर्षी ऐकू येतात.

विषयनिवडीतील मोकळीक हे या संस्थेचे बलस्थान आहे आणि खाचखळगाही तोच. चौदा वर्षांचे मूल गणित किंवा विज्ञान वगळून चित्रकला, गृहविज्ञान यांसारखे विषय घेऊन दहावी होऊ शकते. दोन वर्षांनी त्याला अभियांत्रिकीकडे जावेसे वाटले, तर अकरावी विज्ञान शाखेच्या दारात ते अडकते. मुलाचा कल पुरता स्पष्ट झालेला नसेल, तर गणित आणि विज्ञान दहावीत ठेवणेच शहाणपणाचे आहे. वैद्यकीय शाखेबाबतची जुनी अडचण आता दूर झाली आहे. मुक्त विद्यालयातून किंवा खासगीरीत्या बारावी झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशासाठी अपात्र ठरवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये मान्यताप्राप्त मुक्त मंडळांना स्वीकारले आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न निकाली निघाला. 'जेईई'साठीही पाच विषयांसह उत्तीर्ण केलेली मुक्त विद्यालयाची बारावी ग्राह्य धरली जाते. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याच्या अटी असतात. त्यामुळे अभ्यासकेंद्र निवडताना ते कोणत्या राज्यात आहे, याकडे दुर्लक्ष करू नये.

महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसण्यासाठी 'फॉर्म नंबर १७' भरण्याची पद्धत आहे. मात्र ही सोय मुळात शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी असल्याने शाळा सोडल्याचा दाखला तेथे कळीचा ठरतो. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही असून पाचवी आणि आठवीपासून त्याच्या परीक्षा देता येतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, अर्थात 'सीबीएसई', खासगी परीक्षार्थी म्हणून मोजक्याच गटांना बसू देते. नववीत नोंदणी झालेली नसलेल्या गृहशिक्षित मुलाला ती वाट जवळपास बंद आहे. नावापुरता शाळेत प्रवेश घेऊन घरी अभ्यास करण्याचा सल्ला अनेक शिकवण्या देतात. ७५ टक्के उपस्थितीचा नियम आणि अशा 'डमी' प्रवेशांविरुद्ध मंडळाने हाती घेतलेली कारवाई पाहता तो सल्ला मुलाचे वर्ष धोक्यात घालणारा आहे, आणि खोट्या हजेरीवर सुरू झालेल्या शिक्षणाला गृहशिक्षण म्हणणेही अवघडच.

केंब्रिजची 'आयजीसीएसई' परीक्षा खासगी परीक्षार्थी म्हणून देता येते. पण परीक्षाकेंद्र मिळणे सोपे नसते, प्रयोगपरीक्षेची सोय सर्वत्र नसते आणि शुल्क मुक्त विद्यालयाच्या कित्येक पट असते. भारतीय विद्यापीठात जायचे असल्यास किती विषय आणि कोणत्या श्रेणी लागतात, हे भारतीय विद्यापीठ संघाच्या समकक्षतेच्या नियमांत पाहूनच विषय ठरवावेत.

या सर्व मंडळांव्यतिरिक्त 'घरबसल्या दहावी' देऊ करणाऱ्या जाहिराती असतात. त्यांत पूर्णतः बनावट मंडळेही निघाली आहेत. भारतीय शालेय शिक्षण मंडळ परिषदेच्या, म्हणजे 'कोब्से'च्या यादीत मंडळाचे नाव आहे का, एवढी एक तपासणी पैसे भरण्यापूर्वी करावी.

दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना चालत नाही का, असा प्रश्न पालक विचारतात. सातवीनंतर शाळा सोडलेली मुंबईची एक मुलगी आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिम्पियाडमधील तीन पदकांच्या बळावर २०१६ मध्ये अमेरिकेतील 'एमआयटी'त दाखल झाली, हे उदाहरण त्या वेळी देशभर गाजले. बारावीच्या अटीमुळे आयआयटीचे दार मात्र तिच्यासाठी उघडू शकले नव्हते. हे उदाहरण खरे आहे आणि अपवादात्मकही. बहुतेक मुलांना पदवीपर्यंत जाण्यासाठी ही दोन प्रमाणपत्रे लागतातच.

घरातला दिवस

शाळेतून नुकत्याच काढलेल्या मुलासाठी दुसऱ्याच सोमवारी घरात वेळापत्रक आणि फळा लावणे ही नव्या पालकांची नेहमीची चूक असते. मूल घंटेच्या, गुणांच्या आणि तुलनेच्या सवयीतून बाहेर पडण्यास वेळ घेते. अनुभवी कुटुंबे काही आठवडे, प्रसंगी काही महिने, सक्तीच्या अभ्यासाविना जाऊ देतात. त्यानंतरही बैठक शाळेइतकी लांब लागत नाही. चाळीस मुलांच्या वर्गातील सहा तासांचे काम एका मुलाबरोबर दोन-तीन तासांत आटोपते, असाच बहुतेकांचा अनुभव आहे. उरलेला वेळ वाचन, स्वयंपाकघर, बाग, संगीत, मैदान यांत जातो. आणि पुष्कळसा कंटाळ्यातही जातो, हे आधीच मान्य केलेले बरे.

पद्धतींचे पंथ अनेक आहेत. अमेरिकी शिक्षणचिंतक जॉन होल्ट यांनी पुढे आणलेल्या 'अनस्कूलिंग'मध्ये अभ्यासक्रमच नसतो; मुलाची जिज्ञासा नेईल तसे शिक्षण होते. दुसऱ्या टोकाला पाठ्यपुस्तक जसेच्या तसे शिकवणारी घरे आहेत. प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबे वाचन, लेखन आणि गणित नियमाने घेतात आणि बाकी विषय सैल सोडतात. पुस्तकांसाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. बालभारती आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळांवरून मोफत उतरवून घेता येतात, केंद्राच्या 'दीक्षा' मंचावर पाठ आणि सराव मिळतो. परदेशी अभ्यासक्रमांचे महागडे संच पहिल्याच वर्षी मागवणाऱ्या घरांत ते बहुधा कपाटात पडून राहतात.

इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना, किंवा लष्कर, रेल्वे, बँक अशा बदलीच्या नोकऱ्यांतील पालकांना, एक वेगळी सोय येथे दिसते. मराठी शिकवणारी शाळा जवळ नसली, तरी मुक्त विद्यालयाच्या दहावीला मराठी हा भाषाविषय घेता येतो आणि अन्य काही विषयांसाठी मराठी माध्यमही उपलब्ध आहे. बदली झाली म्हणून शाळा, मंडळ आणि दुसरी भाषा बदलण्याची वेळ येत नाही.

पैशांपेक्षा वेळेचा हिशेब अवघड असतो. एका पालकाला नोकरी सोडावी किंवा निम्मी करावी लागते, आणि भारतीय घरांत ती व्यक्ती जवळजवळ नेहमी आई असते. दहा वर्षांनी मूल महाविद्यालयात जाते तेव्हा तिच्या नोकरीतील खंड भरून निघत नाही. 'आम्ही घरी शिकवतो' या वाक्यातील 'आम्ही' म्हणजे नेमके कोण, कोणत्या वारी आणि किती तास, हे दोघांनी सुरुवातीलाच कागदावर मांडावे. आई आजारी पडली, धाकट्याचा जन्म झाला, आजीआजोबांची शुश्रूषा आली, तर त्या महिन्यांत कोण शिकवणार, हेही त्यात यावे. आजोबा-आजी सोबत असतील तर त्यांचा विरोध पहिल्या वर्षी मोठा असतो. तेच पुढे भाषा आणि पाढ्यांचे उत्तम शिक्षक ठरतात, असेही अनेक घरांत घडते.

मुलाला मित्र कोठून मिळणार, या प्रश्नाला 'शाळेतील मैत्री ही खरी मैत्री नव्हे' असे झटकून उत्तर देणे योग्य नाही. दुपारी एक वाजता सोसायटीच्या अंगणात कोणी नसते. सुट्टीतील गाठीभेटी, ग्रंथालय, मैदान, नाट्यशिबिर यांसाठी पालकांना मुद्दाम आणि सातत्याने धावपळ करावी लागते. लहान गावात ती अधिक होते. शालेय क्रीडास्पर्धांत शाळेच्या पटावरील मुलेच उतरू शकतात. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रेही शाळेमार्फतच जातात. याउलट अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत आणि नृत्याच्या परीक्षांना शाळेची अट नाही, तसेच खेळांच्या जिल्हा संघटनांच्या वयोगट स्पर्धांत क्लबमार्फत भाग घेता येतो.

मुलाचे मत आणि परतीची वाट

घरी शिकवण्याचा प्रयोग या देशात नवा नाही. पंडिता रमाबाईंनी संस्कृतचे धडे आईकडूनच घेतले आणि त्यांच्या आईला ते वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी शिकवले होते. महात्मा गांधींचा दक्षिण आफ्रिकेतील अनुभव मात्र अधिक बोलका आहे. आपल्या मुलांना त्यांनी शाळेत घातले नाही. घरी एक इंग्रज शिक्षिका नेमली, स्वतःही शिकवण्याचा प्रयत्न केला. पुरेसा वेळ आपण देऊ शकलो नाही, मुलांच्या मनात त्याविषयी तक्रार आहे आणि पदवीधर भेटले की त्यांना शालेय शिक्षणाची उणीव जाणवते, हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. निर्णयाचे समर्थनही त्यांनी तेथेच केले आहे. मुलांची तक्रार आणि पित्याचे समर्थन शेजारी शेजारी ठेवणारी ही पाने गृहशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी आवर्जून वाचावीत.

मुलाला शाळेत परतावेसे वाटले, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम ४ उपयोगी पडते. शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सोडलेल्या बालकाला त्याच्या वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळण्याचा आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क त्यात आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा प्रवेशाची मुदत उलटली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेण्यासही मनाई आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांत या तरतुदी सहसा पाळल्या जातात. खासगी शाळांत जागा आणि शुल्क यांचा प्रश्न उरतो. हे संरक्षण आठवीपर्यंतचे आहे. नववीत मंडळाची नोंदणी सुरू होते आणि शाळा नवा विद्यार्थी घेण्यास बहुधा राजी नसतात. त्यामुळे मूल बारा वर्षांचे झाले की त्याच्याशी बसून हा विषय मोकळेपणाने काढावा, एखाद्या शाळेत त्याला काही दिवस बसू देण्याची विनंती करून पाहावी. नाव घालायचे ठरले, तर सातवी किंवा आठवीच्या जून महिन्यापूर्वी जन्म प्रमाणपत्र, आधार कार्ड, असल्यास जुना दाखला आणि कामाची फाईल घेऊन मुख्याध्यापकांची भेट घ्यावी. प्रवेश नाकारला गेल्यास नकार लेखी मागून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.